किण्व कोणतं निवडावं? आंबट बिअर, आंबील आणि विरजण

(केनवड, जि. वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मागच्या वेळी आम्ही जाता जाता सांगितलं होतं की पुढचा विषय किण्व, आणि उदाहरण घेऊ बेल्जियमच्या आंबट बिअरचं. मंडपातून खाली उतरतो न उतरतो तोच एका मावशीने गाठलं. म्हणाल्या, "सर, दारूपायी गावात इतके घर बुडाले, आन् तुमी बिअरवर कायले बोलता?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देऊ.

पहिली गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. घरच्यापुरती बिअर केली, विकली नाही, तरीही गुन्हाच. त्यामुळे आज आम्ही जे सांगणार आहोत ते केनवडमध्ये करून बघण्यासाठी नाही. दुसरी गोष्ट, गावातल्या बायांनी आडवी बाटली निवडून दुकान बंद पाडावं, हा त्यांचा हक्क आम्हाला पूर्ण मान्य आहे. आणि तिसरी गोष्ट अशी, की या विषयाकडे आम्ही दारूच्या वाटेने आलोच नाही. आम्ही आलो एका विरजणाच्या वाटेने. ती हकिगत आधी सांगतो.

एका विरजणाचा प्रवास

आमची धाकटी बहीण इथलीच. तिचं विरजण घरात तिच्या सासूपासून चालत आलेलं. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, अमेरिकेत ओरेगॉन राज्यात नोकरीला आहे. तो पहिल्यांदा निघाला तेव्हा बहिणीने स्वच्छ पांढरं फडकं दह्यात बुडवलं, सावलीत वाळवलं आणि घडी करून त्याच्या सामानात ठेवलं. तिकडे त्याने कोमट दुधात ते फडकं बुडवलं आणि दही लागलं. पुढे बरीच वर्षं ते चालू राहिलं. मध्यंतरी बहीण गेली. आता ते विरजण भाच्यासाठी नुसतं विरजण राहिलं नव्हतं.

तिकडे घरी बिअर करणं कायदेशीर आहे. १९७८ च्या कायद्याने तशी मुभा मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन, तेही विकायचं नाही. भाच्याला हा छंद लागला, आणि त्यातून बेल्जियमच्या आंबट बिअरचं वेड. त्याच्या मनात आलं, आंबटपणा जिवाणूंमुळेच येतो ना? मग आईचं विरजण आहेच की! त्याने २० लिटर बिअरच्या रसात ते घातलं. तीन आठवडे वाट पाहिली. बिअर झाली, पण आंबट काही झाली नाही. दुसऱ्यांदा त्याने कडू फुलं न घालता रस केला, विरजण घातलं, वर मूठभर कच्चं भरडलेलं माल्टही टाकलं, आणि भांडं गॅरेजच्या थंड कोपऱ्यात ठेवलं. चार दिवसांनी झाकण उघडलं तर ओकारीसारखा वास! २० लिटर ओतून द्यावं लागलं.

त्या रात्री त्याचा फोन आला. "मामा, आईचं विरजण मेलं काय?"

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग वाचायला बसलो. आज जे सांगतो आहोत ते त्या वाचनातून हाती लागलेलं आहे.

किण्व हा शब्द आपलाच

यीस्टला आपण शास्त्रीय मराठीत किण्व म्हणतो आणि आंबण्याच्या क्रियेला किण्वन. हा शब्द काही पाठ्यपुस्तक मंडळाने घडवलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. त्यात किण्व कसं करायचं ते दिलं आहे: उडदाचा लगदा, तांदूळ आणि मोरटा वगैरे वनस्पती. उडीद आणि तांदूळ म्हटल्यावर समोरच्या बायांच्या ओठांवर हसू आलं, बरोबर आहे, आम्हालाही इडलीच आठवली. त्याच प्रकरणात सण-यात्रांच्या वेळी चार दिवस मद्य करण्याची सवलतही आहे. म्हणजे घरी काय आंबवावं आणि राज्याने त्यात किती लक्ष घालावं, हा वाद बराच जुना आहे.

दर्शनांत किण्व येतं ते चार्वाकांच्या निमित्ताने. त्यांचे स्वतःचे ग्रंथ उरले नाहीत. त्यांचं म्हणणं कळतं ते विरोधकांच्या ग्रंथांतून, उदाहरणार्थ चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहातून. चार्वाक म्हणतात, धान्यात नशा नाही, पाण्यात नशा नाही, पण किण्वाच्या योगाने ते एकत्र आले की मादकपणा उपजतो. तसंच चार भूतं एकत्र आली की चैतन्य उपजतं, त्यासाठी वेगळा आत्मा मानायचं कारण नाही. चैतन्याचा वाद आज बाजूला ठेवू. आपल्याला त्यातला दृष्टान्त हवा आहे.

दुसरा दृष्टान्त दुधा-दह्याचा. सांख्य म्हणतात, दही दुधात आधीच अव्यक्त रूपात असतं, ते फक्त प्रकट होतं. न्याय-वैशेषिक म्हणतात, छे, दही ही नवीन उत्पत्ती. यात विरजणाची जागा कोणती? दूध हे उपादान कारण, जसं मडक्याला माती. विरजण हे निमित्त कारण, जसा कुंभार. पण इथे एक गंमत आहे. कुंभार मडकं घडवतो आणि बाजूला होतो. मडक्यात कुंभार सापडत नाही. विरजण मात्र दह्यात राहतं, वाढतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला तयार असतं. म्हणून किण्व निवडणं हे हत्यार निवडण्यासारखं नाही. घरात माणूस ठेवून घेण्यासारखं आहे. तो काय खातो, त्याला किती ऊब लागते, त्याचं कोणाशी पटतं, हे आधी विचारावं लागतं.

हे "विचारणं" शक्य झालं ते एकोणिसाव्या शतकात. लुई पाश्चरने १८५७ मध्ये दूध आंबण्यामागे सूक्ष्म जीव असतात असं मांडलं आणि १८७६ मध्ये बिअरवरचा मोठा ग्रंथ लिहिला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सनने यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं. तोवर बिअर करणारा जे मिसळलेलं होतं तेच पुढे चालवत होता. हॅन्सननंतर "कोणतं यीस्ट?" हा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारता येऊ लागला.

चार कामकरी आणि एक आगंतुक

आता बेल्जियमच्या आंबट बिअरकडे येऊ. बिअर म्हणजे काय? जव किंवा गहू भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, हे झालं माल्ट. ते भरडून गरम पाण्यात ठेवलं की धान्यातला पिष्टमय भाग साखर होतो. तो गोड रस म्हणजे वर्ट. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचं, गार करायचं, किण्व घालायचं. नेहमीच्या बिअरमध्ये एकच कामकरी असतो. आंबट बिअरमध्ये चार.

पहिला सॅकरोमायसिस. हे आपलं पावाचं, बिअरचं, वाइनचं यीस्ट. साखर खातं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड देतं, आठवडा-दोन आठवड्यांत मुख्य काम संपवतं. पण लांब साखळीच्या साखरा, ज्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात, त्या त्याला बहुधा पचत नाहीत. त्या मागे राहतात.

दुसरा लॅक्टोबॅसिलस. हा जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतो. आपल्या ताकाचा आंबटपणा तोच. याला ऊब आवडते. काही जाती ३० ते ३७ अंशांवर खूश, काही ४० ते ४५ वर. ऊब आणि साखर मिळाली तर एक-दोन दिवसांत वर्ट आंबट करतो. पण हॉप्सच्या कडू द्रव्यांपुढे यातले बरेच वाण हात टेकतात. या कुळाची २०२० मध्ये नव्याने विभागणी झाली आणि त्यातून २३ नवी कुळं निघाली. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम नव्या पुस्तकात लॅक्टिप्लँटिबॅसिलस झालं आहे. गोंधळू नका, आडनाव बदललं, स्वभाव तोच.

तिसरा पेडिओकॉकस. हाही लॅक्टिक आम्लच करतो, पण सावकाश, महिनोन् महिने. हॉप्स याला जास्त सोसतात. याचे दोन दोष: लोण्यासारखा वास देणारं डायअॅसिटिल सोडतो, आणि कधी कधी बिअर तारेसारखी चिकट करून टाकतो. बेल्जियममध्ये अशा बिअरला आजारी म्हणतात. ती फेकत नाहीत, तिचं दुखणं बरं होण्याची वाट बघतात.

बरं कोण करतं? चौथा कामकरी, ब्रेटॅनोमायसिस. हेही यीस्टच. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच क्लॉसेनने इंग्लंडच्या बिअरमध्ये ते ओळखलं, म्हणून नावात ब्रिटन; पण नाव गाजलं ते ब्रुसेल्समुळे. सॅकरोमायसिसने टाकून दिलेली डेक्स्ट्रिनं हे खातं, पेडिओकॉकसचं डायअॅसिटिल आणि चिकटपणा निस्तरतं, आणि स्वतःचा एक वास देतं. त्या वासाचं वर्णन युरोपात घोड्याच्या पाठीवरचं ब्लँकेट असं करतात. आपण गोठ्यातल्या वाळल्या वैरणीचा म्हणू. थोडा असेल तर गंमत, जास्त झाला तर नाक धरावं लागतं.

आणि आगंतुक म्हणजे अॅसिटोबॅक्टर, व्हिनेगर करणारा. याला हवा लागते. भांडं नीट बंद नसेल, वरचेवर झाकण उघडून बघायची सवय असेल, तर हा येतोच. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या लाल बिअरमध्ये याचा किंचित झणका हवासा असतो. रूसेलारे गावची १८२१ सालची रोडनबाख ब्रुअरी मोठमोठ्या ओकच्या पिंपांत बिअर दोन-दोन वर्षं ठेवते. लाकडातून थोडी हवा झिरपते. पण किंचित म्हणजे किंचित.

निसर्ग कसा निवडतो

ब्रुसेल्सच्या आसपास सेन नदीच्या खोऱ्यात लँबिक नावाची बिअर करतात. तिथे कोणी पाकिटातलं यीस्ट घालत नाही. ३० ते ४० टक्के गहू, तोही मोड न आणलेला; हॉप्स जुने, दोन-तीन वर्षं ठेवून कडूपणा कमी झालेले. उकळलेला रस उथळ परातीसारख्या मोठ्या तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतले, इमारतीतले, पुढे लाकडी पिंपातले जीव त्यात उतरतात. हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या काळातच करतात, कारण उन्हाळ्यात नको ते जीव जास्त. १९०० सालची काँतियों ब्रुअरी आजही असंच करते.

मग पिंपात पाळीपाळीने काम चालतं. पहिला महिनाभर आतड्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, एन्टरोबॅक्टेरिया, धिंगाणा घालतात. मग सॅकरोमायसिस मद्यार्क करतं आणि ते मागे हटतात. काही महिन्यांनी पेडिओकॉकस आम्ल वाढवतो. शेवटी ब्रेटॅनोमायसिस येऊन घर आवरतं. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक एकत्र करून गुझ नावाची बिअर बाटलीत भरतात.

ही पाळी आपल्याला अनोळखी नाही. इडलीच्या पिठातही आधी ल्यूकोनोस्टॉक नावाचा जिवाणू येऊन पीठ फुगवतो, आणि आम्ल वाढलं की दुसरे येतात. कुरोड्यांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, तेव्हा पहिल्या दिवसाचा आणि तिसऱ्या दिवसाचा वास वेगळा असतो. नाकाने हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं.

लँबिक करणारा काहीच निवडत नाही असं वाटेल. पण तो ऋतू निवडतो, जुने हॉप्स निवडतो, गव्हाचं प्रमाण निवडतो, पिंप निवडतो. जीव स्वतःहून येतात. कोणी टिकायचं हे त्या परिस्थितीवर ठरतं.

घरी करणाऱ्याने काय विचारावं

घरी करणाऱ्याकडे काँतियोंची शंभर वर्षांची इमारत नसते. त्याला निवडावं लागतं. आम्ही भाच्यासाठी पाच प्रश्न काढले.

एक, वेळ किती आहे? महिनाभरात हवी असेल तर वर्ट उकळून, हॉप्स न घालता, ३५-४० अंशांवर एक-दोन दिवस लॅक्टोबॅसिलसला द्यायचा. आम्लता पीएच ३.३-३.५ च्या आसपास आली की पुन्हा उकळून जिवाणू मारायचे, मग साधं यीस्ट घालायचं. स्वच्छ, सरळ, ताकासारखा आंबटपणा मिळतो, खोली कमी. वर्ष-दीड वर्ष थांबायची तयारी असेल तर चारही कामकरी एकत्र.

दोन, हॉप्स किती? अगदी थोडे कडू घातले तरी नाजूक लॅक्टोबॅसिलस बसून राहतो. हॉप्स घालायचेच असतील तर आम्लाचं काम पेडिओकॉकसकडे द्यावं आणि धीर धरावा.

तीन, पहिलं यीस्ट कोणतं? इथे बरेच चुकतात. ब्रेटॅनोमायसिस पुढे येणार असेल तर पहिल्या यीस्टने सगळी साखर चाटूनपुसून खाऊ नये, थोडी मागे ठेवावी. शिवाय काही बेल्जियन यीस्टं लवंगेसारखा वास देणारं द्रव्य करतात, आणि ब्रेटॅनोमायसिस त्याचंच रूपांतर गोठ्याच्या वासात करतं. वास ठळक हवा तर असं यीस्ट घ्यावं, सौम्य हवा तर दुसरं. आणि रस आधीच आंबट केला असेल तर यीस्ट आम्ल सोसणारं, ताजं आणि भरपूर हवं.

चार, वेगवेगळे आणायचे की तयार मिश्रण? ओरेगॉनमधल्याच वायीस्ट कंपनीचं रूसेलारे नावाचं मिश्रण मिळतं. त्यात यीस्ट, ब्रेटॅनोमायसिस, लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस सगळे आहेत. नवशिक्याला सोयीचं. पण त्याच रसात ते पुन्हा पुन्हा वापरलं की आतलं प्रमाण बदलत जातं. तिसऱ्या वेळची बिअर पहिल्यासारखी नसते. याउलट अलीकडे लॅचँशिया कुळातलं एक यीस्ट आलं आहे, फिलाडेल्फियातल्या एका झाडावरून मिळवलेलं, जे एकटंच मद्यार्कही करतं आणि लॅक्टिक आम्लही. यीस्ट मद्यार्क करतं आणि जिवाणू आम्ल करतात, ही आम्ही नुकतीच सांगितलेली वाटणी त्याला मान्य नाही! वर्गीकरण माणसाच्या सोयीसाठी असतं, हे विद्यार्थ्यांना सांगायला आम्हाला एक चांगलं उदाहरण मिळालं.

पाच, हे पाहुणे नंतर कुठे राहणार? ब्रेटॅनोमायसिस प्लास्टिकच्या ओरखड्यांत, नळ्यांत घर करतं. म्हणून आंबट बिअरच्या नळ्या, झाकणं वेगळी ठेवावी लागतात. आणि बाटली भरायची घाई जिवावर बेतू शकते. घनता १.०१० असताना बाटली बंद केली आणि ब्रेटॅनोमायसिसने ती हळूहळू १.००२ वर नेली, तर बाटलीत द्रवाच्या सुमारे चौपट आकारमानाचा वायू नव्याने तयार होतो. साधी बाटली फुटते, काचा उडतात. म्हणून काही महिने घनता हलत नाही हे बघूनच भरायचं, आणि तीही जाड काचेच्या बाटलीत.

मग विरजणाचं काय चुकलं?

आता भाच्याचा प्रश्न. विरजण मेलं होतं का? नाही. त्याच आठवड्यात त्याने त्याच विरजणाने दही लावलं होतं आणि ते छान लागलं होतं.

पहिल्या वेळी रसात हॉप्स होते. विरजणातल्या जिवाणूंना ते सोसले नाहीत. शिवाय दह्यातल्या मुख्य जिवाणूंना सवय दुधातल्या लॅक्टोजची. बिअरच्या रसात बहुतेक साखर माल्टोज, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना ती वापरताच येत नाही. ताट भरलेलं, पण जेवता येत नाही, अशी गत. दुसऱ्या वेळी हॉप्स नव्हते, पण ऊबही नव्हती. कच्च्या माल्टबरोबर धान्यावरचे सगळेच जीव आत आले, चांगले आणि वाईट. थंडीत लॅक्टिक जिवाणू मंद राहिले, आम्ल वेळेवर तयार झालं नाही, आणि मधल्या काळात ब्युटिरिक आम्ल करणाऱ्यांनी डाव साधला. ओकारीचा वास त्यांचा.

यावर उपाय काय, तर सुरुवातीलाच रसात थोडं लॅक्टिक आम्ल घालून पीएच ४.५ किंवा त्याखाली आणायचा आणि उबेला ठेवायचं. नको त्यांना दार बंद, हवे त्यांना आत वाट. हे वाचल्यावर आम्ही पुस्तक मिटलं. महालक्ष्मीच्या नैवेद्याची ज्वारीची आंबील करताना आमची बहीण पिठात आधी काय घालायची? ताक! आम्ही समजत होतो चवीसाठी. ते चवीसाठी होतंच, पण आंबट ताक घातलं की पीठ पहिल्या क्षणापासून आंबट असतं आणि त्यात चांगले जिवाणूही भरपूर असतात. ओरेगॉनच्या गॅरेजात जे विसरलं ते केनवडच्या चुलीपाशी रोज होत होतं, फक्त त्याला पीएच असं नाव नव्हतं.

म्हणजे आज्यांना सगळं माहीत होतं, शास्त्राची गरज नाही, असं आम्ही म्हणतो असं समजू नका. तसं म्हणणं खोटं ठरेल. आंबिलीत ताक का, हे माहीत नसल्यामुळेच भाच्याला ते बिअरच्या रसात नेता आलं नाही. कृती हातात होती, कारण हातात नव्हतं. कृती एका भांड्यापुरती चालते; कारण कळलं की ते दुसऱ्या भांड्यातही चालतं. हातभट्टीवाला काळ्या गुळात नवसागर टाकतो, तेही कारण न कळता. यीस्टला लागणारं नायट्रोजन त्यातून मिळतं एवढंच. आणि कारण न कळणाऱ्याच्या हाती उद्या दुसरं काही पडलं तर काय होतं, ते जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसलं. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली. तो किण्वाचा दोष नव्हता. औद्योगिक विष मिसळणाऱ्या माणसाचा होता. मावशी, तुमचा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही.

शुद्ध की मिसळलेलं?

शेवटचा मुद्दा. हॅन्सनने शुद्ध वाण दिलं, त्यामुळे बिअर भरवशाची झाली. आपल्याकडेही पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे क्रमांक लावून यीस्ट आणि जिवाणू जपून ठेवलेले असतात. ते आवश्यक आहे. पण शुद्ध वाण एकच काम नेटाने करतं. मिसळलेलं एकमेकांचं उणं भरून काढतं. पेडिओकॉकस एकटा असता तर बिअर चिकट होऊन वाया गेली असती. त्याच्या दोषावर इलाज शेजाऱ्याकडे होता.

घरचं विरजण हे असं मिसळलेलं कुटुंब आहे. पाकिटातलं दही रोज एकसारखं लागतं, घरचं उन्हाळ्यात वेगळं, हिवाळ्यात वेगळं. आपल्या गावात किती घरांत आजही स्वतःचं विरजण चालू आहे? हात वर करा. ... बघा, समोरच्या दोन रांगांत सातच. बाकीच्यांचं शेजारून किंवा डेअरीतून येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जे सात हात वर आले त्यांनी हे लक्षात ठेवावं, की ते कुठल्याही संग्रहात क्रमांक लावून ठेवलेलं नाही. तुमच्या घरी ते थांबलं की थांबलं.

भाच्याने पुढे काय केलं? बिअरसाठी पाकीट आणलं, आम्ल घालून सुरुवात केली, ऊब दिली. बिअर आंबट झाली. आम्ही ती चाखलेली नाही आणि चाखणारही नाही. विरजण त्याने दह्यालाच ठेवलं. फोनवर त्याने आणखी एक विचारलं: "मामा, इतक्या वर्षांत यातले जिवाणू बदलले असतील ना? तिकडचं दूध, तिकडची हवा. मग हे आईचंच विरजण म्हणायचं काय?"

आम्ही त्याला खरं तेच सांगितलं. जीव बदलले असतील, नक्कीच. तिने वाळवलेल्या फडक्यावरचा एकही जिवाणू आज जिवंत नसेल, असतील ते त्यांचे हजारो पिढ्यांनंतरचे वंशज, आणि मध्ये नवे पाहुणेही शिरले असतील. पण तिच्या सासूचं विरजण तिच्याकडे आलं तेव्हाही हेच झालं होतं, आणि ती ते सासूचं विरजण असंच म्हणायची. एक दिवसही न चुकता कोणीतरी रात्री चमचाभर बाजूला काढून ठेवलं, म्हणून ते एक राहिलं. तू काढून ठेवतोस तोवर ते तिचं.

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, या महालक्ष्मीला आंबील करतो. ज्वारीचं पीठ इथं मिळते. ताक किती घालू?"

त्याचं प्रमाण आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही आयुष्यभर फक्त प्यायलो. मावशी, कार्यक्रम झाल्यावर जरा थांबा, तुम्हालाच विचारून त्याला कळवायचं आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊ.